राउटरला फक्त पुढचा चौक माहीत असतो

घरात भिंतीवर टांगलेल्या, दोन-चार अँटेना वर काढलेल्या डब्याला आपण सरसकट 'वायफाय' म्हणतो. नेट बंद पडलं की 'वायफाय गेलं', व्हिडिओ अडकला की 'वायफाय स्लो आहे'. केबलवालाही तेच म्हणतो. प्रत्यक्षात त्या एका डब्यात तीन-चार वेगळी यंत्रं एकत्र कोंबलेली असतात. फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं एक, मागच्या खाचांत खोचलेल्या वायरी एकमेकींना जोडणारा स्विच, आणि रेडिओलहरींवर मोबाइलशी बोलणारा ॲक्सेस पॉइंट. खरं वायफाय म्हणजे एवढा शेवटचाच भाग. या सगळ्यांच्या मधोमध राउटर बसलेला असतो. त्याचं काम अजिबात दिसत नाही, म्हणून त्याच्याबद्दल गैरसमजही सगळ्यात जास्त.

ज्या यंत्राचा एक पाय एका नेटवर्कात आणि दुसरा पाय दुसऱ्या नेटवर्कात असतो, आणि जे एकीकडून आलेला माल दुसरीकडे कुणाच्या हातात द्यायचा ते ठरवतं, ते यंत्र म्हणजे राउटर. घरातल्या मोबाइलने घरातल्याच प्रिंटरला काही पाठवलं तर राउटरला त्यात फारसं पडावं लागत नाही. स्विच आणि वायफाय आपसात उरकून घेतात. घराबाहेर जायचं असेल तेव्हा मात्र राउटरला टाळता येत नाही.

माल जातो तो पॅकेटांतून. समजा, नागपूरहून मावशीने लग्नाचा ३ एमबीचा फोटो पाठवला. तो अखंड येत नाही. एका पॅकेटात साधारण १५०० बाइट मावतात, म्हणजे त्या फोटोची दोन हजारांवर पॅकेटं होतात. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कातला त्या यंत्राचा क्रमांक, असतो आणि प्रत्येक पॅकेट आपल्या हिमतीवर प्रवास करतं. एखादं हरवलं तर तेवढंच परत मागवलं जातं. ही कल्पना १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना स्वतंत्रपणे सुचली. मधल्या राउटरला हा फोटो आहे की बँकेचा व्यवहार याच्याशी देणंघेणं नसतं. तो पत्ता वाचतो, पुढे ढकलतो आणि ते पॅकेट विसरून जातो.

पुढे म्हणजे कुठे? प्रत्येक राउटरकडे एक यादी असते, राउटिंग टेबल. घरच्या राउटरची यादी उघडून पाहिलीत तर निराशाच होईल. जेमतेम दोन ओळी कामाच्या असतात. पहिली सांगते, १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते घरातलेच आहेत. दुसरी सांगते, बाकी जगातलं काहीही असो, इंटरनेट कंपनीच्या राउटरकडे द्या. बस. तुमच्या डब्याला गूगल कुठे आहे, लंडन कुठे आहे, काहीही ठाऊक नसतं.

कंपनीच्या राउटरची यादी याहून बरीच मोठी असते, पण तिच्यातही पूर्ण रस्ता लिहिलेला नसतो. या गटातले पत्ते असतील तर त्या शेजाऱ्याकडे द्या, एवढंच. पुण्याच्या पेठांत नवखा माणूस पत्ता विचारत जातो तेव्हा पानवाला त्याला अख्खा रस्ता सांगत बसत नाही. 'सरळ जा, पुढच्या चौकात विचारा' म्हणतो आणि पुढचं गिऱ्हाईक बघतो. पुढच्या चौकातला आणखी पुढचा चौक दाखवतो. माणूस पोचतो. इंटरनेटही असंच चालतं, आणि त्याची ताकद आणि त्याचा कच्चा दुवा दोन्ही इथेच आहेत.

यादीत पाहण्याचा एक नियम इथेच लक्षात ठेवा, पुढे तो मोठा घोळ घालणार आहे. एकाच पत्त्याला यादीतल्या दोन ओळी लागू पडत असतील, तर जी ओळ जास्त नेमकी, म्हणजे कमी पत्त्यांच्या लहान गटाबद्दल बोलते, ती जिंकते. हजार पत्त्यांबद्दलची ओळ आणि त्यातल्याच अडीचशे पत्त्यांबद्दलची ओळ समोरासमोर आल्या, तर राउटर डोळे मिटून दुसरी ऐकतो.

राउटरचा पूर्वज १९६९ सालचा. इंटरनेटचं पूर्वज असलेल्या अमेरिकेच्या आर्पानेट या नेटवर्कसाठी बीबीएन या कंपनीने हनीवेलच्या डीडीपी-५१६ संगणकावर बेतलेलं फ्रिजएवढं यंत्र बनवलं आणि पहिलं लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात नेऊन बसवलं. त्याचं नाव आयएमपी. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री तिथून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे 'लॉगिन' हा शब्द पाठवायला घेतला; पहिली दोन अक्षरं पोचली आणि पलीकडचा संगणक कोलमडला. मधली यंत्रं ठीक होती, हे मुद्दाम नोंदवावंसं वाटतं. आजही नेट बंद पडलं की सगळे आधी राउटरलाच बडवतात.

तारका दिसल्या म्हणून घाबरू नका

पॅकेटाच्या वाटेवरचे हे चौक घरबसल्या पाहता येतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'ट्रेसर्ट' (tracert) आणि मॅक किंवा लिनक्सवर 'ट्रेसरूट' (traceroute) लिहून पुढे एखाद्या परदेशी विद्यापीठाच्या साइटचं नाव द्या. गूगल किंवा यूट्यूबचं देऊ नका. त्यांचे सर्व्हर मुंबईतच आहेत, पाच-सात ओळींत खेळ संपतो.

पहिल्या ओळीत तुमचाच डबा दिसेल, बहुधा १९२.१६८.१.१, वेळ एक-दोन मिलिसेकंद. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत १० किंवा १०० ने सुरू होणारे पत्ते, म्हणजे कंपनीचं स्थानिक कार्यालय. मग मुंबई. तिथवर आकडा पाच-दहाच्या आसपास रेंगाळतो. आणि एका ओळीत तो एकदम साठवर किंवा एकशे वीसवर उडी मारतो. तिथे पॅकेटाने समुद्र ओलांडला. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. जाऊन-येऊन चाळीसेक मिलिसेकंद हा निसर्गाचाच हिशेब झाला, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. प्लॅन १०० एमबीपीएसचा घ्या की १००० चा, हा आकडा हलत नाही. गेम खेळणाऱ्या मुलांना मोठा प्लॅन विकताना हे कुणी सांगत नाही.

ट्रेसरूटची ही युक्ती ज्या आकड्यावर चालते तो मूळ वेगळ्याच कामासाठी आहे. प्रत्येक पॅकेटावर 'टीटीएल' नावाचं आयुष्य लिहिलेलं असतं, जास्तीत जास्त २५५. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की पॅकेट फेकून देतो आणि पाठवणाऱ्याला कळवतो, 'तुमचं पॅकेट माझ्याकडे संपलं.' दोन राउटर चुकून एकमेकांकडेच बोट दाखवत राहिले तर पॅकेट अनंतकाळ फिरत बसू नये म्हणून ही सोय. व्हॅन जेकबसन यांनी ट्रेसरूट लिहिलं ते याच सोयीवर: मुद्दाम १ आयुष्याचं पॅकेट पाठवायचं, मग २ चं, मग ३ चं, आणि कोण कोण 'संपलं' म्हणून कळवतं ते लिहून घ्यायचं. मधे तीन तारका दिसल्या तर तो राउटर बिघडलेला नसतो. उत्तर देत बसू नकोस, असं त्याच्या मालकाने त्याला सांगितलेलं असतं. खालच्या ओळी व्यवस्थित येत असतील तर त्या तारकांसाठी कस्टमर केअरला फोन करू नका.

एका पत्त्यावर अख्खं घर

१९२.१६८.१.१ हा पत्ता तुमच्याकडे आहे, शेजाऱ्यांकडे आहे आणि न्यू जर्सीतल्या तुमच्या मामेभावाकडेही असू शकतो. मग गोंधळ कसा होत नाही? कारण हे पत्ते घराबाहेर पडतच नाहीत. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी. वाटपाचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. घरात मात्र चार मोबाइल, दोन लॅपटॉप, टीव्ही आणि कॅमेरा. म्हणून पत्त्यांचे काही गट खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत, कुणीही घरात वापरावेत, बाहेर नेऊ नयेत.

बाहेर जाताना तुमचा राउटर पॅकेटावरचा घरगुती पत्ता खोडून स्वतःचा बाहेरचा पत्ता लिहितो आणि वहीत नोंद करतो. समजा मोबाइलचा पत्ता १९२.१६८.१.५ आणि त्याने पोर्ट ५१००० वरून, म्हणजे आपल्या त्या क्रमांकाच्या दारातून, विनंती पाठवली. राउटर ती आपल्या पोर्ट ४००१२ वरून पुढे पाठवतो आणि लिहून ठेवतो: ४००१२ वर जे परत येईल ते त्या मोबाइलचं. उत्तर आलं की वही बघून योग्य हातात देतो. याला नॅट म्हणतात. वहीत नोंद नसलेलं काही बाहेरून आपणहून आलं तर ते कुणाला द्यायचं हे त्याला कळतच नाही, आणि तो ते टाकून देतो. नकळत मिळालेलं हे संरक्षण बरंच आहे.

हल्ली बऱ्याच कंपन्या त्यांच्याकडेही हेच करतात, शेकडो घरांना मिळून एक बाहेरचा पत्ता. दुकानातला सीसीटीव्ही घरून थेट आयपी पत्ता टाकून दिसत नाही, पोर्ट फॉरवर्ड करूनही, म्हणजे 'या पोर्टवर आलेलं कॅमेऱ्याला दे' असं राउटरच्या वहीत आधीच लिहून ठेवूनही, दिसत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच: वही दोन ठिकाणी आहे आणि दुसरी तुमच्या हातात नाही. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्ते इतके अफाट आहेत की या वहीची गरजच उरत नाही. भारतात मोबाइल नेटवर ते सर्रास चालतं. कित्येकांना पत्ताही नाही की आपण रोज तेच वापरतो.

'बंद करून चालू करा' या सल्ल्याची लोक टिंगल करतात, पण तो भोंदूपणा नाही. स्वस्त डब्यात मेमरी तुटपुंजी. नॅटची वही भरून वाहायला लागते, सॉफ्टवेअर वापरलेली मेमरी नीट परत करत नाही, कंपनीकडून मिळालेल्या पत्त्याची मुदत गडबडते. वीज काढली की हे सगळं पुसलं जातं आणि कोरी सुरुवात होते. रोजच असं करावं लागत असेल तर मात्र डबा बदलायची वेळ आली आहे.

आणि त्याचा पासवर्ड. वायफायचा नव्हे, डब्यात शिरायचा, तो 'ॲडमिन-ॲडमिन' वाला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे आणि घरगुती राउटर असेच फॅक्टरी पासवर्ड वापरून लाखोंनी ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी २१ ऑक्टोबरला साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या डाइन या कंपनीवर एवढा मारा केला की ट्विटरसह अनेक मोठ्या साइट अमेरिकेत कित्येक तास उघडेनात. तो पासवर्ड बदलायला पाच मिनिटं लागतात.

रांग वाढली की

राउटरकडे पॅकेटं येण्याचा वेग जाण्याच्या वेगाहून जास्त झाला की रांग लागते. रांगेची जागा संपली की राउटर नवी पॅकेटं सरळ फेकून देतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण ही राउटरची निरोप द्यायची पद्धत आहे. पाठवणाऱ्याला पोच मिळाली नाही की तो समजतो, पुढे गर्दी आहे, आणि वेग कमी करतो.

हे शहाणपण सुरुवातीला नव्हतं. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२,००० बिटवरून ४० बिटवर कोसळला. अंतर किती, तर जेमतेम चारशे यार्ड. पॅकेट हरवलं की सगळे संगणक हट्टाने पुन्हा पुन्हा तेच पाठवत होते आणि गर्दी आणखी वाढवत होते. ट्रेसरूटवाले जेकबसन इथेही आहेत. १९८८ मध्ये त्यांनी पाठवणाऱ्याने माघार कशी घ्यायची, मग हळूहळू पुन्हा वेग कसा वाढवायचा, याची रीत मांडली. आज मोबाइलवर काहीही डाउनलोड करताना तिचीच नातवंडं-पतवंडं काम करत असतात.

घरी याचा उलटा त्रास होतो. मेमरी स्वस्त झाली म्हणून डब्यांत रांगेला नको इतकी जागा दिली गेली. कुणाच्या तरी मोबाइलचं फोटो बॅकअप सुरू होतं, वर जाणारा मार्ग तुंबतो, राउटर काही फेकत नाही, नुसती रांग वाढवत नेतो, आणि त्या रांगेच्या शेवटी उभं राहिलेलं तुमच्या व्हिडिओ कॉलचं पॅकेट अर्धा सेकंद उशिरा निघतं. समोरचा 'हॅलो, आवाज तुटतोय' म्हणतो. स्पीड टेस्ट मात्र झकास येते. डब्याच्या सेटिंगमध्ये 'क्यूओएस' किंवा 'एसक्यूएम' असं काही दिसलं तर चालू करून पाहा. याच रोगावरचा तो इलाज आहे.

शेजाऱ्याच्या शब्दावर

मोठ्या राउटरांच्या याद्या भरतं कोण? एका कंपनीच्या हद्दीत हे तसं शिस्तीत चालतं. प्रत्येक राउटर आपले शेजारी कोण आणि वाट किती रुंद हे इतर सगळ्यांना कळवतो, प्रत्येकाकडे हद्दीचा पूर्ण नकाशा तयार होतो, आणि त्यावर एट्स्खर डाइकस्ट्राची पद्धत वापरून जवळचा रस्ता काढला जातो. डच गणिती डाइकस्ट्राने ती १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत, होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमल्यावर कॉफी पिता पिता वीसेक मिनिटांत शोधली होती. कागद-पेन्सिल न घेता.

हद्दीबाहेर मात्र नकाशा नाही. जगात अशी सत्तर हजारांहून जास्त स्वतंत्र नेटवर्कं आहेत: इंटरनेट कंपन्या, विद्यापीठं, बँका, गूगल-फेसबुकसारखे बडे. ती एकमेकांशी बीजीपी या भाषेत बोलतात. कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी १९८९ मध्ये तिचा पहिला आराखडा जेवणाच्या टेबलावर नॅपकिनवर उतरवला. भाषेचं सार असं: 'हे पत्ते माझ्याकडून पोचतात' असं प्रत्येक नेटवर्क शेजाऱ्यांना जाहीर करतं, शेजारी ते त्यांच्या शेजाऱ्यांना सांगतात.

एकाच ठिकाणी जायचे तीन रस्ते कळले तर राउटर कोणता घेतो? जवळचा, असं वाटतं. पण तिथे बसवलेल्या नियमांत सहसा आधी पैसा बोलतो. जो शेजारी आपल्याला पैसे देतो त्याच्याकडून जाणारा रस्ता पहिला, बिनपैशाची देवाणघेवाण असलेला दुसरा, आणि ज्याला आपण पैसे मोजतो तो अगदी शेवटी. दोन भारतीय कंपन्यांची देशात थेट जोडणी नव्हती तेव्हा मुंबईतल्या मुंबईत जाणारी पॅकेटं परदेशातून फिरून येत, ती याच हिशेबाने. ते थांबावं म्हणून २००३ मध्ये निक्सी ही देशांतर्गत अदलाबदलीची संस्था उभी राहिली.

ही जागतिक यादी आज नऊ लाख ओळींच्या पुढे आहे. मोठ्या राउटरच्या १०० गिगाबिटच्या एका तारेवर सगळ्यात लहान आकाराची पॅकेटं आली तर सेकंदाला जवळजवळ १५ कोटी होतात. साधी मेमरी ओळीने शोधत बसली तर कधी संपणार? म्हणून सगळ्या ओळी एकाच वेळी तपासणारी महागडी मेमरी अशा राउटरांत वापरतात. १२ ऑगस्ट २०१४ ला यादीने ५ लाख १२ हजारांचा आकडा ओलांडला आणि तेवढ्यावरच मेमरी बेतलेले जुने राउटर ठिकठिकाणी आडवे झाले.

आता तो नेमक्या ओळीचा नियम आठवा. २४ फेब्रुवारी २००८. पाकिस्तान सरकारने यूट्यूब बंद करायचा आदेश दिला. पाकिस्तान टेलिकॉमने सोपी वाट धरली: यूट्यूबचे पत्ते आपल्याकडे आहेत असं आपल्याच राउटरांना सांगायचं आणि येणारी पॅकेटं खड्ड्यात टाकायची. यूट्यूब जगाला १,०२४ पत्त्यांचा एक गट जाहीर करत होतं, २०८.६५.१५२ पासूनचा. पाकिस्तान टेलिकॉमने त्यातलाच २५६ पत्त्यांचा लहान गट जाहीर केला. ही घोषणा देशातच राहायला हवी होती. ती हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या, त्यांना बाकी जगाशी जोडणाऱ्या वरच्या कंपनीकडे गेली, त्यांनी न तपासता पुढे दिली, आणि काही मिनिटांत जगभरचे राउटर यूट्यूबची पॅकेटं पाकिस्तानकडे लोटू लागले. लहान गट जिंकतो ना! भारतात तेव्हा मध्यरात्र नुकती उलटली होती. सुमारे ऐंशी मिनिटांनी यूट्यूबने त्याच २५६ पत्त्यांची स्वतः घोषणा केली; बरोबरी झाली, पण बरेच राउटर अजून तिकडेच. मग त्यांनी त्याहून लहान, १२८-१२८ चे दोन गट जाहीर केले. शेवटी पीसीसीडब्ल्यूने पाकिस्तानकडची घोषणाच तोडली तेव्हा प्रकरण मिटलं. एकूण सव्वादोन तास. एकाही राउटरने चूक केली नाही, सगळ्यांनी नियम पाळला.

४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊनंतर व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकदम गप्प झाले, तेव्हा उलटं घडलं होतं. देखभालीच्या एका कमांडने फेसबुकच्या डेटा सेंटरांना जोडणारं त्यांचं स्वतःचं नेटवर्क तुटलं. ज्या सर्व्हरांवर साइटच्या नावावरून पत्ता सांगायची जबाबदारी होती, त्यांनी 'आपला डेटा सेंटरांशी संबंध तुटला, म्हणजे आपणच बिघडलो असू' असं मानून आपल्या वाटांच्या घोषणा मागे घेतल्या. जगभरच्या याद्यांतून त्या ओळी पुसल्या गेल्या. यंत्रं चालू होती, पण तिथे कसं जायचं ते कुठल्याच राउटरला माहीत नव्हतं. कंपनीची आतली साधनंही त्याच नेटवर्कवर, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्यांनाही दूरून आत शिरता येईना, डेटा सेंटरमध्ये माणसं पाठवावी लागली. सहाएक तास गेले.

यावर गेल्या दशकात आलेला उपाय म्हणजे आरपीकेआय: पत्त्यांचा खरा मालक डिजिटल सही करून ठेवतो की हा गट अमुक नेटवर्कच जाहीर करू शकतं, आणि जास्तीत जास्त किती लहान तुकड्यांत. ही सही तपासणारा राउटर २००८ सारखी घोषणा दारातूनच परत पाठवतो. पण ही सही फक्त उगमाची. मूळ मालकाचं नाव बरोबर घालून मधली वाट खोटी सांगितली, किंवा चुकून भलत्याच शेजाऱ्याला पुढे सांगितली, तर आरपीकेआय ती पकडत नाही. त्यासाठी एएसपीए नावाच्या दुसऱ्या पद्धतीवर काम चालू आहे. तिच्यात प्रत्येक नेटवर्क आपल्या वरच्या कंपन्या कोण, तेही सहीनिशी जाहीर करतं, म्हणजे घोषणा ज्या वाटेने आली ती वाट मुळात शक्य होती का, एवढं तरी राउटरला पडताळता येतं.